गर्दीचे गणित

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता जाहीर केला. ते महामारीचे वर्ष होते. लेखी परीक्षा झालीच नव्हती; अंतर्गत मूल्यमापनावरून गुण दिले गेले होते. शाळेच्या फळ्यासमोर जमून निकाल पाहण्याचा काळ तर केव्हाच मागे पडला होता. निकाल कळण्याचा मार्ग उरला होता तो मंडळाने कळविलेल्या संकेतस्थळांचा. उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के असल्यामुळे मूल पास झाले की नापास, ही धास्ती फारशी कुणाच्या घरी नव्हती. गुण किती पडले आणि पुढे कोणती वाट धरावयाची, हा खरा प्रश्न होता. एक वाजला, सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांच्या घरी एकाच वेळी आसनक्रमांक टाकला गेला, आणि संकेतस्थळे उघडेनाशी झाली. कित्येक तास ती तशीच होती.

अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ‘वीज गेली’ म्हणावे तितक्या सहजपणे हे दोन शब्द आता बँकेत, तलाठ्याच्या कचेरीत आणि स्वस्त धान्याच्या दुकानात ऐकू येतात. या शब्दांनी घडलेली गोष्ट कळते. पण ती का घडली ते कळत नाही. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या मागणीला उत्तर देण्यासाठी अहोरात्र जागा असलेला संगणक. त्याच्यापाशी गणन करणारा प्रोसेसर असतो, हाताशी ठेवलेली माहिती मावेल इतकी मेमरी असते, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी तार असते. या तिन्ही गोष्टींना मर्यादा आहे. म्हणून कोणत्याही मोठ्या संकेतस्थळाच्या चालकांना एक हिशेब आधीच मांडावा लागतो : किती लोक येतील, आणि त्यांच्यासाठी यंत्रसामग्री किती लागेल?

हा हिशेब वरवर पाहता त्रैराशिकाचा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. आणि तो त्रैराशिकाने सोडविला जातो म्हणूनच पुष्कळदा चुकतो.

पहिली चूक दिवसाच्या आकड्यावर विसंबण्याची. समजा, पंधरा लाख विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचा निकाल सरासरीने दोनदा पाहिला जातो. एकदा घरात, आणि एकदा इंदूरला, बडोद्याला किंवा बेळगावात बसलेले मामा किंवा काका आसनक्रमांक विचारून घेऊन पाहतात. असे तीस लाख वेळा निकाल पाहिला जाणार. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर सेकंदाला जेमतेम पस्तीस मागण्या येतात. एवढ्या कामाला एक साधा संगणकही पुरे होईल, आणि कागदावर सर्व काही आलबेल दिसेल.

पण निकाल दिवसभर कोण पाहतो? तीस लाखांपैकी साठ टक्के लोक पहिल्या दहा मिनिटांतच येतील असे धरले, तर ते झाले अठरा लाख. त्यांतीलही तिसरा हिस्सा पहिल्याच मिनिटात येईल असे धरले, तर साठ सेकंदांत सहा लाख, म्हणजे सेकंदाला दहा हजार. दिवसाच्या सरासरीच्या हे जवळजवळ दोनशे नव्वद पट झाले. येथे धरलेले हिस्से कल्पित आहेत. परंतु जेथे घड्याळाच्या ठोक्यावर दार उघडते तेथे आकड्यांची जात अशीच असते. कुवत ठरवावयाची ती दिवसावरून नव्हे, सर्वांत वाईट मिनिटावरून.

दुसरी गोष्ट अशी की ‘एक भेट’ म्हणजे एक मागणी नव्हे. पडद्यावर एक पान उमटते. पण ते उमटावे म्हणून मंडळाचे बोधचिन्ह, अक्षरांची ठेवण, पानाची मांडणी, एखादे छायाचित्र असे दहा-वीस तुकडे स्वतंत्रपणे मागविले जातात. सेकंदाला दहा हजार भेटी म्हणजे लाख-दीड लाख मागण्या. शिवाय त्या वाहून नेणाऱ्या तारेचाही विचार केला पाहिजे. संपूर्ण पान एक मेगाबाइटचे असेल, तर दहा हजार भेटींसाठी सेकंदाला दहा गिगाबाइट, म्हणजे तारेच्या भाषेत ऐंशी गिगाबिट, माहिती बाहेर पडावी लागते. तेच पान पन्नास किलोबाइटचे केले, तर चार गिगाबिटांत काम भागते. निकालाच्या पानावर मान्यवरांची हसरी छायाचित्रे झळकविण्याची हौस किती महाग पडते, हे या भागाकारावरून ध्यानात यावे.

येथपर्यंतचा हिशेब गुणाकार-भागाकाराचा आहे. याच्या पुढचा मात्र रांगांचा आहे, आणि त्याचे शास्त्र संगणकाहून जुने आहे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नेर क्रारूप एर्लांग नावाचा एक गणिती १९०८ मध्ये नोकरीस लागला. त्या काळी एक्स्चेंजमधील तारा मोजक्या असत आणि बोलू इच्छिणारी माणसे पुष्कळ. प्रत्येकासाठी स्वतंत्र तार राखणे परवडणारे नव्हते. फारच थोड्या राखल्या तर लोकांना परत फिरावे लागे. मग किती राखाव्यात? १९०९ मध्ये एर्लांगने संभाव्यतेचे गणित टेलिफोनच्या संभाषणांना लावून दाखविले, आणि १९१७ मध्ये त्याची ती सूत्रे प्रसिद्ध झाली, ज्यांच्या आधारे अमुक गर्दीला अमुक तारा असल्यास किती लोकांना तार मिळणार नाही, किंवा किती वेळ थांबावे लागेल, ते काढता येते. टेलिफोनची गर्दी मोजण्याच्या एककाला पुढे त्याचेच नाव मिळाले. आज सर्व्हरांची संख्या ठरविणारा अभियंता ज्या वाटेने जातो ती त्या टेलिफोन कचेरीतूनच निघालेली आहे.

त्या शास्त्रातील सर्वांत उपयोगी नियम मात्र याहूनही सोपा आहे. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. तो खानावळीच्या उदाहरणाने चटकन समजतो. खानावळीत मिनिटाला तीन माणसे येतात आणि प्रत्येक जण वीस मिनिटे पाटावर बसतो; तर कोणत्याही क्षणी सरासरी साठ माणसे आत असणार, म्हणजे निदान साठ पाट हवेत. येण्याचा वेग गुणिले राहण्याचा काळ बरोबर आत असलेल्यांची संख्या, एवढाच तो नियम. आता स्वयंपाकघरात पोळ्यांना उशीर होऊ लागला आणि जेवण चाळीस मिनिटांवर गेले, तर गिऱ्हाईक एकानेही वाढलेले नसताना एकशेवीस पाट लागतील.

सर्व्हरचे तंतोतंत असेच होते. सेकंदाला दहा हजार मागण्या येत असताना प्रत्येकीचे उत्तर एक पंचमांश सेकंदात गेले, तर एका क्षणी दोन हजार मागण्या आत असतात. माहितीची मूळ वही म्हणजे डेटाबेस जरा अडखळला आणि उत्तराला पाच सेकंद लागू लागले, की त्याच दहा हजारांमुळे आत पन्नास हजारांची दाटी होते. प्रत्येकीने थोडी थोडी मेमरी अडवून ठेवलेली असते. ती संपते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ‘फार लोक आले’ असे वाटते. प्रत्यक्षात आलेले लोक तेवढेच होते, त्यांना निरोप देण्यास उशीर झाला इतकेच.

हा उशीर कधी सुरू होतो, याविषयी सामान्य समज असा की कुवत पूर्ण संपल्यावर. रांगेचे गणित निराळे सांगते. टपाल कचेरीतील एक खिडकी घ्यावी. कारकुनाला एका माणसामागे सरासरी एक मिनिट लागते. म्हणजे तासाला साठ माणसे ही त्याची कुवत. माणसे आपापल्या सवडीने, अनियमितपणे येतात, आणि कुणाचे काम लहान तर कुणाचे मोठे असते. तासाला तीस माणसे आली, तर प्रत्येकाचा वाट पाहण्यासह सरासरी दोन मिनिटे वेळ जातो. अठ्ठेचाळीस आली तर पाच मिनिटे. चोपन्न आली तर दहा, आणि सत्तावन्न आली तर वीस. एकोणसाठाव्या माणसापर्यंत मजल गेली की पूर्ण एक तास! कारकून तोच, कामाचा झपाटाही तोच. परंतु सत्तावन्नांवर केवळ दोन माणसे वाढली आणि थांबणे तिपटीने वाढले. ज्या हिशेबतपासनिसाला पाच टक्के रिकामा कारकून ही उधळपट्टी वाटते, त्याने हे आकडे एकदा पाहावेत. खिडक्या अनेक असल्या तर ही चढण थोडी उशिरा लागते. पण लागते हे खरे.

म्हणून जाणते अभियंते सर्व्हरची कुवत छापील पत्रकावरून घेत नाहीत, मोजून घेतात. खोटी गर्दी निर्माण करणारे कार्यक्रम असतात. त्यांच्याकरवी एका सर्व्हरवर सेकंदाला शंभर, मग दोनशे, मग चारशे अशा मागण्या सोडतात, आणि उत्तराचा काळ एकाएकी वर वळू लागतो ती जागा हेरतात. ती आठशेवर सापडली असे समजू. मग प्रत्यक्षात त्याच्यावर पाचशेच्या पुढे भार टाकावयाचा नाही असे ठरते. दहा हजारांना पाचशेने भागले की वीस सर्व्हर झाले. पण ते सगळे एकाच इमारतीत ठेवले आणि तिची वीज गेली तर? ते दोन गावी ठेवावेत, आणि एक गाव बंद पडले तरी दुसऱ्याने सारा भार उचलावा, असे हवे असेल तर प्रत्येक ठिकाणी वीस लागतात, एकूण चाळीस. पस्तीस मागण्यांच्या सरासरीवर समाधान मानणाऱ्याने जेथे एक संगणक मांडला असता तेथे हा हिशेब चाळिसांपर्यंत पोहोचतो.

मोजतानाही सरासरी फसविते. शंभरांपैकी नव्याण्णवांना उत्तर तत्काळ मिळाले आणि एकाला तीस सेकंदांनी, तरी सरासरी देखणीच दिसते. पण सेकंदाला दहा हजार लोक येत असताना शंभरांतील एक म्हणजे सेकंदाला शंभर माणसे, मिनिटाला सहा हजार. याकरिता सर्वांत मंद एक टक्का लोकांना किती थांबावे लागले, तो आकडा वेगळा काढून पाहण्याची रीत आहे.

एर्लांगच्या गणितात एक गृहीत होते आणि निकालाच्या दिवशी नेमके तेच कोसळते. कोपनहेगनमधील एका गृहस्थाने टेलिफोन केला म्हणून दुसऱ्याने केला असे होत नसे; प्रत्येकाची गरज स्वतंत्र होती. दुपारी एक वाजता मात्र लाखो लोक एकाच घड्याळाकडे पाहत असतात. आणि त्यांतून आणखी एक संकट उद्भवते. पान उघडले नाही की माणूस शांत बसत नाही. तो पुन्हा बटण दाबतो, मग तिसऱ्यांदा दाबतो, शेजारच्या खोलीतील ताईला तिच्या फोनवरून पाहावयास सांगतो. पहिली मागणी सोडून देऊन तो दुसरी करतो खरा, पण सर्व्हरला ते ठाऊक नसते. तो सोडून दिलेल्या मागणीचेही उत्तर निमूटपणे तयार करीत राहतो. जे उत्तर घेण्यास कोणी उभे नाही त्यावर श्रम खर्च होतात, आणि जे उभे आहेत ते मागे पडतात. अपयशाने गर्दी घटत नाही, उलट वाढते. दहा हजारांचे तीस हजार होतात ते असे. म्हणूनच एकदा कोसळलेले संकेतस्थळ पुन्हा उभे केले की दारावर थबकलेला लोंढा आत शिरून ते पुन्हा कोसळते.

या सर्वांचे जगाला धडधडीत दिसलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. ज्यांना आरोग्यविमा नव्हता अशा नागरिकांना तो घेता यावा म्हणून तेथील केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१३ रोजी एक संकेतस्थळ सुरू केले. एका वेळी पन्नास ते साठ हजार लोक येतील असा अंदाज होता. आले अडीच लाख. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसे होती सहा. अंदाज चुकला असे म्हणून हे प्रकरण मिटविता येत नाही. उद्‌घाटनापूर्वी काही दिवस घेतलेल्या चाचणीत सुमारे अकराशे लोकांच्या भारानेच उत्तरे मंदावत होती, हे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांतून दिसून आले. म्हणजे अंदाज पन्नास हजारांचा, मोजलेली कुवत अकराशेची, आणि तरीही दार उघडले गेले! शिवाय विम्याचे दर नुसते चाळून पाहू इच्छिणाऱ्यालाही आधी स्वतःचे खाते उघडावे लागे. त्यामुळे हौशे, गवशे आणि गरजू या सर्वांचा लोंढा ओळख पटविण्याच्या एकाच दारावर आदळला. तज्ज्ञांचे पथक बोलावून दोन महिने दुरुस्ती केल्यावर, डिसेंबर २०१३ च्या आरंभी, ते एका वेळी पन्नास हजार लोकांना सांभाळू शकते असे तेथील शासनाने जाहीर केले. त्याहून अधिक आल्यास त्यांना रांगेत थांबविण्याची सोयही तोवर करण्यात आली होती.

एकच अरुंद दार ही गोष्ट सर्व्हरांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाची आहे. बाहेर चाळीस सर्व्हर उभे केले आणि त्या सर्वांनी एकाच डेटाबेसकडे धाव घेतली, तर गर्दी हटत नाही. ती फक्त माजघराच्या दारापाशी सरकते. निकालाचे काम या दृष्टीने खरे तर सोपे आहे. निकाल एकदा लागला की बदलत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण दोन किलोबाइटांत लिहिले, तर पंधरा लाखांचे मिळून तीन गिगाबाइट होतात. हल्लीच्या साध्या संगणकाच्या मेमरीत तेवढे मावते. तेव्हा आदल्या रात्रीच सर्व गुणपत्रके तयार करून त्यांच्या प्रती अनेक सर्व्हरांत ठेवाव्यात, बोधचिन्हे आणि चित्रे निराळ्या ठिकाणाहून द्यावीत, आणि एक वाजता मूळ वहीला कुणी हातही लावू नये, असे करता येते. अलीकडच्या वर्षांत निकाल डिजिलॉकरसह अनेक ठिकाणी एकाच वेळी उपलब्ध करून दिला जातो, त्यातील मर्म हेच.

रेल्वेच्या तिकिटाचे मात्र असे करता येत नाही. एक बर्थ दोघांना विकता कामा नये. म्हणून प्रत्येक विक्रीला मूळ वहीत नोंद झालीच पाहिजे, आणि ती होईपर्यंत त्याच गाडीच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला क्षणभर थांबलेच पाहिजे. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने दिलेल्या माहितीप्रमाणे त्या वेळची आरक्षणव्यवस्था मिनिटाला बत्तीस हजार तिकिटे देऊ शकत होती, आणि मिनिटाला चार लाख चौकशांना उत्तरे देऊ शकत होती. एका तिकिटामागे बारा-साडेबारा चौकशा हे प्रमाण बोलके आहे. चौकशीचे उत्तर किंचित जुन्या प्रतीवरून देता येते, विक्रीचे नाही. म्हणून या दोन कामांची यंत्रे वेगळी राखणे हा अशा व्यवस्थांचा पाया असतो.

गर्दीच विभागता आली तर यंत्रांवरील खर्च वाचतो. तत्काळ तिकिटांसाठी वातानुकूलित वर्गाला सकाळी दहा आणि इतर वर्गांना अकरा अशा वेळा २०१५ मध्ये ठरविण्यात आल्या. एका लोंढ्याचे दोन झाले. जुलै २०२५ पासून तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत दलालांना तिकिटे काढण्यास मनाई झाली. दोन्ही उपाय यंत्राचे नाहीत, वेळापत्रकाचे आहेत.

आता क्लाउड नावाची सोय आहे. सर्व्हर विकत न घेता तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळतात, आणि भार वाढला की आपोआप वाढविताही येतात. सोय उत्तम आहे. पण भार वाढल्याचे ध्यानात येऊन नवा सर्व्हर कामाला लागेपर्यंत काही मिनिटे जाऊ शकतात, आणि निकालाची गर्दी तर पहिल्याच मिनिटात येऊन धडकते. लग्नाची पंगत बसल्यावर आचारी शोधावयास निघण्यासारखेच ते. अशा प्रसंगी भाड्याचे सर्व्हर बारा वाजताच उभे करून, त्यांच्यावर खोटी गर्दी सोडून, ते गरम करून ठेवावे लागतात. एवढे करूनही अंदाजापेक्षा अधिक लोक आले, तर कुवतीइतक्यांना आत घेऊन बाकीच्यांना क्रमांक द्यावा, आणि ‘आपला क्रमांक इतक्या मिनिटांनी येईल’ असे पडद्यावर दाखवावे. ज्याला आपला क्रमांक कळला आहे तो सहसा पुन्हा पुन्हा बटण दाबीत नाही.

पुढच्या वर्षीचा अंदाज यंदाच्या नोंदीवरून करावयाचा असतो, आणि तेथेही एक खाचखळगा आहे. सर्व्हर आपल्या नोंदवहीत ज्यांना उत्तर दिले किंवा निदान ज्यांची मागणी घेतली त्यांचीच नोंद करतो. जो दारापर्यंत पोहोचलाच नाही त्याची खूण तेथे नसते. ज्या वर्षी संकेतस्थळ कोसळले त्या वर्षीच्या नोंदवहीत त्यामुळे गर्दी खऱ्यापेक्षा कमी दिसते. तिच्यावरून यंत्रे मागविली तर ती पुन्हा अपुरीच पडणार. सेकंदासेकंदाची मोजणी सर्व्हरच्या आत नव्हे, त्याच्या बाहेर, मागण्या वाटून देणाऱ्या यंत्रापाशी आणि तारेच्या तोंडाशी करावी लागते, आणि तिची तजवीज निकालाच्या आधी झालेली असावी लागते.